बॉनेटवरची परी आणि तारेचा पहारा

मोटारीच्या बॉनेटवरची मूर्ती चोरायला सोपी असते, कारण तिची मूळ जागाच हाताने उघडण्यासाठी केलेली होती. जुन्या मोटारींत रेडिएटरचे झाकण बॉनेटच्या पुढे, उघड्यावर असे. पाणी ओतायचे तर ते फिरवून काढायचे. 1912 चे अमेरिकन पेटंट असलेला ‘बॉइस मोटोमीटर’ याच झाकणावर बसे. काचेमागच्या तापमापीतला लाल द्रव चढला की इंजिन तापल्याचे चालकाला बसल्या जागी कळे. त्याच झाकणावर पऱ्या, पक्षी, घोडेही विराजमान झाले. झाकण फिरवले की तापमापी असो वा परी, सगळे चोराच्या हातात. म्हणून पुढे कुलूप असलेली झाकणेही विकली जाऊ लागली.

यातली सर्वांत प्रसिद्ध मूर्ती रोल्स-रॉइसची, ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’. शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी ती 1911 मध्ये घडवली. ब्रिटिश उमराव लॉर्ड माँटेग्यू यांच्या सचिव एलिनॉर थॉर्नटन या तिच्यामागची प्रेरणा होत्या, असे मानले जाते. 1915 च्या डिसेंबरात भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ हे जहाज पाणतीराने बुडाले, त्यात थॉर्नटन गेल्या. फ्रान्समध्ये रेने लालिक यांनी 1925 पासून चक्क काचेच्या मूर्ती केल्या, आणि त्या गाडीवर बसवून खडबडीत रस्त्यांवरून फिरणारे शौकीनही निघाले!

चोरीमागे दर वेळी धातूची किंमत असते असे नाही. 1987 च्या सुमारास ‘बीस्टी बॉइज’ या अमेरिकन रॅप गटातला माइक डी गळ्यातल्या साखळीत फोक्सवॅगनचे चिन्ह घालून वावरू लागला आणि चाहत्यांनी उभ्या गाड्यांची चिन्हे उपटायला सुरुवात केली. ते चिन्ह तर बॉनेटवर नव्हे, पुढच्या जाळीवर असे. त्याला कोणी सोन्याचे मानत नव्हते, तरीही ते गेले. अशा हौशी चोराला घाई असते आणि आवाजाची भीती असते. मूर्ती राखणाऱ्या घरगुती अलार्मची सगळी भिस्त या दोन गोष्टींवर.

त्यामागची कल्पना साधी आहे. मूर्तीच्या बुडातून एक बारीक तार नेऊन विजेचे बंद वर्तुळ करायचे. मूर्ती उपटली की तार तुटते, वर्तुळ मोडते आणि हॉर्न वाजू लागतो. तार कापली तरी परिणाम तोच. तार जोडल्यावर वाजणाऱ्या अलार्मपेक्षा तुटल्यावर वाजणारा अलार्म म्हणूनच भरवशाचा. गंजाने किंवा धक्क्याने जोडणी निकामी झाली, तर तो मुकाट बसत नाही, उलट बोंब मारतो.

खरी गंमत बॅटरीच्या हिशेबात आहे. या वर्तुळात थेट रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, घातला, तर त्याची गुंडाळी सतत वीज पीत राहते. 12 व्होल्टवर 80 ओहमची गुंडाळी म्हणजे 150 मिलिअँपिअर, दिवसाला 3.6 अँपिअर-तास. 45 अँपिअर-तासांची बॅटरी साडेबारा दिवसांत रिकामी. मालक गावाहून परतला तर मूर्ती जागेवर, पण गाडी सुरूच होणार नाही. त्याऐवजी दोन ट्रान्झिस्टरची डार्लिंग्टन जोडी घ्यावी. 47 किलोओहमच्या रोधातून येणारा पाव मिलिअँपिअरचा प्रवाह शाबूत तार गाडीच्या सांगाड्यात, म्हणजे ऋण टोकाकडे, वळवून टाकते. तार तुटली की तोच प्रवाह ट्रान्झिस्टरकडे जातो, जोडी जागी होते, रिले ओढला जातो आणि हॉर्न वाजतो. अशा पहाऱ्याचा वर्षाचा खर्च जेमतेम सव्वादोन अँपिअर-तास.

रिलेचा एक जादा संपर्क त्याच्याच गुंडाळीला वीज देईल असा जोडतात. मग चोराने भांबावून तार पुन्हा टेकवली तरी हॉर्न थांबत नाही. मालकाने दडवलेला स्विच दाबावा लागतो. गुंडाळीवर एक उलटा डायोड हवाच, नाहीतर रिले सुटतानाचा व्होल्टेजचा झटका ट्रान्झिस्टर जाळतो. हॉर्नच्या वायरीत फ्यूजही हवा.

तार कुठे बांधायची, यातच कारागिराची कसोटी. फ्रिजच्या दिव्याला असतो तसा दाबाचा स्विच मूर्तीच्या बुडाखाली बसवणे सोपे वाटते. पण चोराने दांडाच मोडला तर बूड जागेवर राहते आणि स्विचला पत्ताही लागत नाही. म्हणून तारेचा वेढा मोडण्याच्या जागेच्या वर, मूर्तीच्या अंगात अडकवावा लागतो. मर्सिडीजचा तारा स्प्रिंगवर बसवलेला असतो आणि धक्का लागला की कलतो. तिथे इनॅमलचा मुलामा असलेल्या बारीक तारेला थोडी ढील द्यावी: कापडाने पुसताना तारा वाकला तर चालेल, ओढला तरच तार तुटावी. हात लागताच ओरडणारे स्पर्शसंवेदकही करता येतात, पण पावसाच्या थेंबांनी ते रात्रभर शेजाऱ्यांना छळतात. ब्रिटनच्या 1986 च्या वाहन नियमांनी चोरीच्या अलार्मला सलग पाच मिनिटांची मर्यादा घातली ती उगीच नव्हे. घरगुती अलार्ममध्येही आवाज आपोआप बंद करणारा टायमर हवा.

रोल्स-रॉइसने वेगळी वाट धरली. 1980 च्या ‘सिल्व्हर स्पिरिट’मध्ये मूर्ती स्प्रिंगवर आली आणि धक्का बसताच रेडिएटरच्या कवचात बुडू लागली. 2003 च्या ‘फँटम’पासून तर गाडीला कुलूप लावले की परी आपणहून खाली जाते. ही सोय मिळवायची तर कवचाच्या आत मूर्तीसाठी पोकळी आणि यंत्रणेला जागा लागते. ‘सिल्व्हर शॅडो’सारख्या 1980 पूर्वीच्या गाड्यांत ती नाही, त्यामुळे तिथे अजून तारेवरच निभवावे लागते.