धनुष्याची नोंदवही

धामण या आपल्या रानातील वृक्षाला संस्कृतात 'धनुर्वृक्ष' असेही म्हटले जाते. त्याच्या लवचीक लाकडाची धनुष्ये पूर्वापार होत आली आहेत. हाताने धनुष्य घडविण्याचा छंद निवृत्तीनंतरच्या निवांत काळास साजेसा आहे. मात्र त्यात एक अडचण असते. खरवडलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही, आणि रोजची प्रगती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कानशीइतकीच नोंदवहीही आवश्यक ठरते.

ढोबळ आकार आल्यावर धनुष्याच्या पाठीला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, हत्यार लावू नये. केवळ आतली बाजू खरवडावी. मग मूठ भक्कम आधारावर ठेवून कप्पीवरून आणलेल्या दोराने प्रत्यंचा थोडी ताणावी आणि मध्ये लावलेल्या काट्यावर वजन पाहावे. लाकूड मोडण्याची शक्यता असल्याने दूर उभे राहावे. दोन्ही बाहू सारखे वाकतात का, हे पाहून ताठ भागावरचे थोडेच लाकूड काढावे. त्यानंतर वीस-तीस वेळा हलके ताणल्यावरच बदल नीट उमटतो. तेव्हा नवी नोंद करावी.

वहीत तारीख, ताण किती इंच, वजन किती पौंड आणि प्रत्यंचा उतरविल्यावर उरणारा बाक लिहावा. उदाहरणार्थ, २८ इंचांवर २५ पौंड हवे असतील आणि १८ इंचांवरच काटा २५ दाखवीत असेल, तर त्यापुढे ताणू नये. आधी दोन्ही बाहू आणखी पातळ करावेत. उरणारा बाक वाढत असेल, तर कोठेतरी लाकडावर जादा भार पडतो आहे, असे समजावे.

याच वहीत आणखी दोन रकाने आखावेत : 'किती मिनिटे' आणि 'हात कसे आहेत'. वीस मिनिटांनी विश्रांती घ्यावी. दुसऱ्या दिवशीही बोटे दुखत असतील, तर वेळ कमी करावी. सूज टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. काम शिकंजात घट्ट धरावे, मास्क व चष्मा वापरावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हत्यारे विशेष जपून हाताळावीत, कारण त्यांची लहान जखमही अधिक वाहते.

घरच्यांनी कानस आपल्या हाती घेण्याचा मोह टाळावा. काट्यावरचा आकडा वाचून दाखविणे, दृष्टी मंद असल्यास सांगतील ते लिहून घेणे, एवढे साह्य पुरेसे आहे. स्मरण क्षीण होत असलेल्या व्यक्तीस कालची ओळ वाचून आजचे काम सुरू करता येते. मात्र अशा वेळी जवळ कोणी असावे. 'आज थकवा होता, लाकूड काढले नाही' ही ओळही वहीत असावी. धनुष्य त्या दिवशी काही गमावत नाही.

ठरलेल्या ताणाला ठरलेले वजन आले, की खरवडणे थांबवावे. तयार धनुष्याची प्रत्यंचा उतरवूनच ते ठेवावे, आणि बाण न लावता ताणलेली प्रत्यंचा कधीही सोडू नये.