जुना टिलर भंगारात घालण्याआधी एकदा वाचून बघा

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. एसटीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, रानात पाणी सोडून बांधावर बसल्यावर, कुठंही वाचा.

विषय शेडच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मशीनचा. जुना पॉवर टिलर, नाहीतर १५-१८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर. आजोबांनी घेतला, वडिलांनी चालवला, आता त्याच्यावर कोंबड्या बसतात. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेलाय आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. द्यायचा का ठेवायचा?

माझं म्हणणं एवढंच, की आधी मशीन वाचा आणि मग ठरवा. डिझेल इंजिन आपलं दुखणं लपवत नाही. ते कुठल्या क्रमानं बघायचं हे कळलं की निम्मा खर्च तिथंच वाचतो.

आपल्याकडंच ही मशीनं एवढी का?

कारण आपली रानं आणि आपली पिकं. तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फूट जागा, वर मांडव. तिथं मोठा ट्रॅक्टर घातला तर तारा तरी तुटणार, नाहीतर काड्या. उसाची भरणी करायची तर सरीतून जाणारं अरुंद मशीन पाहिजे. पाटण, जावळीच्या डोंगरउताराच्या वाफ्यांत मोठ्या ट्रॅक्टरला वळायलाच जागा नाही.

बेंगळुरूची व्हीएसटी कंपनी १९६७ ला जपानच्या मित्सुबिशीबरोबर सुरू झाली. केरळची कॅमको १९७३ ची, तिचं तंत्र कुबोटाचं. जुन्या टिलरवर यातलंच एखादं नाव पुसट झालेलं सापडेल. रचना साधी असते: एक सिलिंडर, आडवं इंजिन, पाण्यानं थंड होणारं, ताकद गिअरबॉक्सकडं नेणारे व्ही-बेल्ट. हँडल मारून चालू होतं. आत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. म्हणून तर ते आपल्या हातानं दुरुस्त होतं.

दुसरी गोष्ट, लोखंडाचं काम आपल्या दोन्ही जिल्ह्यांना नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी घाबरत होते. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही आधी नांगर आणि मग डिझेल इंजिनं झाली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्या परंपरेचा आज उपयोग असा, की कंपनीकडं एखादा बुश किंवा पिन मिळाली नाही तरी जवळच्या एमआयडीसीत लेथवर ती करून देणारा माणूस सापडतो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी

खूप दिवस बंद असलेल्या मशीनला थेट हँडल मारू नका. जुनं डिझेल काढा, ऑइल बदला, एअर फिल्टर उघडा. उंदराचं घरटं निघालं तर आश्चर्य नको. मग डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून इंजिन हातानं हळू फिरवा. फिरलं तर पुढं जा. जाम असेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढू नका. आत जे वाचलंय तेही मोडेल.

आणि इंजिन बंद कसं करायचं ते चालू करण्याआधी शिका. स्टॉपचा खटका अडकला असेल तर आधी तो मोकळा करा.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर धुवा, तो जवळजवळ फुकटात होतो. मग नोझल तपासून घ्या. रोटर जमिनीत फार खोल घातला आणि इंजिनावर लोड आला तरी काळा धूर येतो.

पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर चालतो. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर कॉम्प्रेशन, पंपाचं टायमिंग नाहीतर हेड गॅस्केट बघायचं. सोबत रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर संशय गॅस्केटवर.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आधी पातळी बघा, ऑइल जास्त भरलं तरी असं होतं. पातळी बरोबर असेल तर मात्र रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह. हे मोठं काम, घाई करू नका.

धूरच नाही आणि इंजिन उठतही नाही? बहुतेक डिझेल पोचत नाही. टाकी पूर्ण रिकामी झाली की लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरचा स्क्रू थोडा ढिला करा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की घट्ट करा. मग पंपाजवळ तसंच, शेवटी नोझलच्या पाइपचा नट. पण नोझलच्या फवाऱ्यापुढं हात कधीही नेऊ नका. त्या दाबानं डिझेल कातडीच्या आत घुसतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत बोट सडू शकतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा.

पट्टे आणि पाती

इंजिन चांगलं वाजतंय, पण रानात ताकद नाही? पट्टे बघा. इंजिन बंद करून मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. एक पट्टा तुटला तरी पूर्ण सेट बदला. जुना-नवा एकत्र घातला की नव्यावरच सगळा भार येतो आणि तोही लवकर जातो.

रोटरची पाती डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असतात. सगळी आत वळवून लावली की माती मध्ये येते आणि वरंबा होतो. बाहेर वळवून लावली की माती दोन्ही बाजूंना जाते आणि मध्ये सरी पडते. उसाच्या भरणीला माती बुडख्याकडं जायला हवी, म्हणून तिथं बाहेरची मांडणी. भरणीनंतर पाती तशीच राहिली आणि पुढं सपाट मशागतीला मशीन घातलं, तर रान खालीवर होणार. बिघाड नसतोच, पण मशीन खराब झालं म्हणून नाव पडतं.

इथं चेष्टा नाही

रोटर फिरत असताना टिलर रिव्हर्स घ्यायचा नाही. पाती सरळ तुमच्या पायाकडं येतात. जुन्या मशीनवरचा रिव्हर्सला रोटर थांबवणारा लॉक अनेकदा काढून टाकलेला असतो. दुरुस्तीच्या यादीत तो पहिल्या नंबरला लिहा.

छोट्या ट्रॅक्टरला द्राक्षाचा ब्लोअर जोडता, त्याचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे मारतो. म्हणजे सेकंदाला नऊ. टॉवेलचं टोक अडकलं तर "थांबव" म्हणेपर्यंत सगळं झालेलं असतं. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं असेल तर फवारणी थांबवा आणि आधी कव्हर आणा. ओढणी, उपरणं, सैल बाह्या, गळ्यातली हेडफोनची वायर, सगळं बाजूला.

मग ठेवायचा का द्यायचा?

आता कागद घ्या. समजा दुरुस्ती २०,००० रुपये. वर्षाला तुमचं काम ४० तास. भाड्याचा टिलर तासाला ६००, स्वतःचा डिझेल-ऑइल धरून २००. तासाला ४०० वाचले, वर्षाला १६,०००. म्हणजे सव्वा वर्षात पैसे वसूल. हे आकडे फक्त उदाहरणाला. तुमच्या गावचा दर आणि तुमचे तास घाला. डिझेल किती जातं हे कुणाला विचारू नका. टाकी काठोकाठ भरा, तासभर काम करा, परत काठोकाठ भरा. जेवढं लागलं तेवढं खरं.

ब्लॉकला तडा असेल, गिअरबॉक्सचे दात गेले असतील आणि वर्षाचं काम दहाच तासांचं असेल, तर मी म्हणेन द्या. मशीन आवडतं म्हणून कर्ज काढू नका. पण नुसता फिल्टर तुंबलाय, पट्टे ढिले आहेत, लाइनमध्ये हवा आहे, एवढ्यासाठी चालतं मशीन किलोवर जात असेल, तर ते घरचं नुकसान आहे.

या रविवारी एक काम करा. मोबाइलमध्ये इंजिनावरच्या नंबरप्लेटचा, एअर फिल्टरचा आणि पात्यांच्या मांडणीचा फोटो काढा. मिस्त्रीकडं जाताना हे तीन फोटो आणि धुराचा रंग एवढं घेऊन जा. वडिलांना शेजारी उभं करा. हँडलचा झटका कुठं बसतो, हे त्यांच्या मनगटाला माहीत असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर रोटर बंद, मगच रिव्हर्स!