लॅपटॉपचा पडदा पुसताय? हात जरा हलका!

आम्हा वर्ध्याकडच्या बायकांना धुळीशी झगडायला कुणी शिकवायला नको. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो, गरम वारा सुटतो आणि सकाळी झाडलेलं घर दुपारी पुन्हा धुळीनं माखतं. त्यात शेजारीच सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हापासून आश्रमात झाडलोट हे रोजचं व्रतच. स्वच्छतेचा अभिमान आमच्या अंगात मुरलेला! त्याच अभिमानापायी मी एकदा घात करून बसले.

माझी लेक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास लॅपटॉपवर करते. एकदा पडदा धुळकट दिसला. मी आरशावर मारायचा फवारा घेतला आणि फडक्यानं खसाखसा पुसून काढला. वाळल्यावर पाहते तो पडद्यावर ढगांसारखे डाग! "आई, कायनं पुसलंस गं हे?" लेक एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नवा पडदा बसवायचा खर्च ऐकला, तेव्हा तिच्या क्लासची फीच माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या परीक्षेचा अभ्यास तिनं त्याच डागांमधून वाचून केला.

चूक कुठे झाली? हा पडदा आरशासारखा नसतो. बहुतेक लॅपटॉपना वरून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि त्यावर प्रकाशाची चमक कमी करणारा नाजूक लेप. काच पुसायच्या काही औषधांत अमोनिया किंवा स्पिरिट असतं. त्यानं हा लेप उतरू शकतो. जोरानं दाबलं तर आतल्या भागाला इजा होते. फवारा थेट मारला, की ओघळ खालच्या कडेतून आत शिरतो.

मग पुसायचं कसं? आधी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि तो गार होऊ द्या. काळ्या पडद्यावर धूळ नीट दिसतेही. चष्मा पुसायचं असतं तसं मऊ मायक्रोफायबरचं कोरडं फडकं घ्या. झाकणाला मागून हाताचा आधार द्या आणि वरून खाली, अलगद धूळ उतरवा. धूळ तशीच ठेवून घासलंत, तर तिचे कण ओरखडे काढतात. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

तेलकट बोटांचे ठसे राहिले, तर फडक्याचा एक कोपरा किंचित ओलसर करा. पिळलं तर थेंब पडता कामा नये! पाणी डिस्टिल्डच घ्या. इन्व्हर्टरसाठी आणतो तेच, पण नव्या सीलबंद बाटलीतलं. बोअरचं पाणी नको. कूलरच्या जाळीवर त्याचा पांढरा थर बसतो ना? तसेच डाग इथेही उमटतील. मग कोरड्या फडक्यानं टिपा आणि पूर्ण वाळल्यावरच झाकण मिटा.

वर्तमानपत्र, कागदी रुमाल, साडीचा पदर, जाडीभरडी खादी यांना इथे मज्जाव. हो, वर्ध्यात राहून खादीला नाही म्हणतेय खरी!

परवा लेकीनं आपणहून लॅपटॉप पुढे केला. म्हणाली, "आई, पुसून दे न. तुझा हात हलका आहे आता."