श्राव्य कादंबरी : ऐकण्यातून आस्वाद

१. प्रास्ताविक

कादंबरी या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपण आजवर 'वाचक' हा शब्द वापरला. प्रस्तुत घटकात आपण 'श्रोता' या शब्दाचा विचार करणार आहोत. नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी एस.टी.च्या प्रवासात, स्वयंपाक करताना किंवा रात्री दिवा मालवल्यावर एखादी कादंबरी कानांनी अनुभवली असेल. असे ऐकणे म्हणजे वाचनच आहे का, की ती केवळ वाचनाची सोयीस्कर पळवाट आहे? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो योग्यच आहे. त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी आवाज संहितेचे नेमके काय करतो, हे आधी समजून घ्यावे लागेल.

२. पूर्वपीठिका

कथा ऐकणे मराठी समाजाला नवे नाही. कीर्तनातील आख्यान, मंदिरातील पोथीवाचन आणि जात्यावरची ओवी यांतून मराठी माणूस शतकानुशतके साहित्य ऐकत आला आहे. विसाव्या शतकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाचे कार्यक्रम करून छापील कथेला पुन्हा श्रोत्यांसमोर आणले. मात्र कथाकथन आणि श्राव्य पुस्तक यांत फरक आहे. कथाकथनकार समोरचा श्रोतृवर्ग पाहून मजकूर फुलवतो, आटोपता घेतो, हशा येताच थांबतो. श्राव्य पुस्तकाचा वाचक मात्र छापील संहितेशी बांधलेला असतो आणि त्याचा श्रोता त्याला दिसत नाही.

ध्वनिमुद्रित पुस्तकाचा आरंभ करमणुकीतून नव्हे, गरजेतून झाला. ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीनांसाठी 'बोलक्या पुस्तकां'ची सेवा सुरू झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची अडचण हे तिच्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. आरंभीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' आणि जोसेफ कॉनरॅड यांची 'टायफून' यांचा समावेश होता. एका कादंबरीसाठी साधारण दहा तबकड्या लागत. दृष्टिहीन वाचकांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत म्हणून २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत ठरला. म्हणून 'ऐकणे हे कमी प्रतीचे वाचन' असे म्हणण्यापूर्वी, ज्यांच्यासाठी ऐकणे हेच वाचन आहे त्यांचा विचार करावा.

३. अभिवाचन : आवाजाने केलेला अन्वयार्थ

येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवाव्यात. 'निवेदक' म्हणजे कादंबरीच्या संहितेत कथा सांगणारा. 'अभिवाचक' म्हणजे ती संहिता प्रत्यक्ष आवाजात वाचणारी व्यक्ती. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. अभिवाचकाजवळ मुख्यतः वाचिक अभिनय असतो. चेहरा, हालचाल, वेशभूषा यांचे काम त्याला स्वर, गती आणि विराम यांकडून करवून घ्यावे लागते.

'तुम्ही आलात ते बरं झालं' हे साधे वाक्य घ्या. ते स्वागत असू शकते, सुटकेचा निःश्वास असू शकतो किंवा बोचरा टोमणाही. छापील पानावर हे तीनही अर्थ शक्य असतात. संदर्भ पाहून वाचक निवड करतो. अभिवाचकाला मात्र उच्चाराच्या क्षणीच निवड करावी लागते. मराठीत ही निवड कधी अक्षरापर्यंत पोहोचते. 'जग' हा शब्द 'विश्व' या अर्थी तालव्य 'ज'ने, तर 'जगणे' या क्रियापदाचे रूप म्हणून दंततालव्य 'ज'ने उच्चारला जातो. लेखनात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणजे प्रत्येक अभिवाचन हे संहितेचे एक भाष्य असते.

४. निवेदनपद्धती आणि आवाज

निवेदनपद्धतीनुसार अभिवाचनाची आव्हाने बदलतात. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशी सहा पात्रे आपापल्या बाजूने कथा सांगतात. ती सहा आवाजांत वाचावी की एका? सहा आवाजांमुळे पात्रे ठळक होतात; पण सर्वांच्या मनोगतामागे असलेली लेखकाची एकच भारदस्त शैली मग झाकली जाण्याचा धोका असतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्यात 'उदाहरणार्थ', 'वगैरे' हे शब्द सतत येतात. अभिवाचकाने त्यांवर विनोदी भर दिला, तर त्यांमागची तुटलेपणाची जाणीव हरवते. ते सहज, जणू सवयीने उच्चारले गेले, तरच त्यांतील उपरोध कानाला जाणवतो.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) मध्ये तरुण शिक्षक प्रमाण मराठीत कथा सांगतो, तर धनगर माणदेशी बोली बोलतात. बोलीचा हेल हास्यासाठी ताणला गेला, तर कारभाऱ्यासारखे वडीलधारे पात्रही नकलेचा विषय बनते. लेखकाने ज्या माणसांना प्रतिष्ठा दिली, त्यांची प्रतिष्ठा आवाज हिरावून घेऊ शकतो. अभिवाचनातील हा दोष उच्चाराचा म्हणून सोडून देता येत नाही. तो वाङ्मयीन आकलनाचा दोष आहे.

वर उल्लेखिलेल्या ख्रिस्ती यांच्या कादंबरीचा निवेदक कथेतीलच एक पात्र असून तो काही गोष्टी वाचकाला सांगत नाही. अशा वेळी अभिवाचकाला शेवट ठाऊक असूनही आवाजात तो उमटू द्यायचा नसतो. उत्तम अभिवाचनात असा संयम असतो.

५. श्रवणाच्या मर्यादा

श्रवणात गतीवरचा ताबा बराचसा दुसऱ्याकडे जातो. डोळे एखाद्या ओळीवर रेंगाळतात, मागचे पान उलटतात. कानांना हे तितके सहज जमत नाही. परिच्छेदांची रचना, विरामचिन्हे, शब्दांचे लेखन यांचे प्रत्यक्ष दर्शन घडत नाही. इतर काम करताना लक्ष विचलित होते आणि कथानक कळले तरी शैली निसटते. शिवाय एकदा ऐकलेला आवाज मनात बसला की नंतर छापील पान वाचतानाही पात्र त्याच आवाजात बोलू लागते. म्हणून अभ्यासासाठी केवळ श्रवणावर विसंबू नये. शक्य असेल तेव्हा ऐकलेल्या प्रकरणातील निवडक पाने स्वतः वाचावीत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी तेच प्रकरण दुसऱ्या आवाजात ऐकावे किंवा ब्रेलमध्ये वाचावे. दोन रूपांची तुलना झाली की अभिवाचकाने केलेली निवड उघड होते.

६. समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. लक्षपूर्वक ऐकणे हे वाचनच आहे. फरक इतकाच, की त्यात तुमच्या आणि संहितेच्या मध्ये आणखी एक वाचक बसलेला असतो. त्याचे ऋण मान्य करावे, पण त्याचा निर्णय अंतिम मानू नये. त्याने कोठे थांबायला हवे होते, कोणता शब्द हळू उच्चारायला हवा होता, असे तुम्हाला ज्या क्षणी वाटते, त्या क्षणी तुम्ही केवळ श्रोते उरत नाही. संहितेचे समीक्षक होता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'निवेदक' आणि 'अभिवाचक' यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. बोलीतील संवादांचे अभिवाचन करताना कोणती दक्षता घ्यावी, ते लिहा.
३. तुमच्या आवडीच्या कादंबरीतील एक पान दोन वेगवेगळ्या प्रकारे मोठ्याने वाचा. अर्थात कोणता बदल जाणवला, ते दहा ओळींत नोंदवा.