पुस्तक अभ्यासक्रमातून जातं तेव्हा

सप्टेंबर २०१० मध्ये मुंबईत रोहिंटन मिस्त्री यांच्या 'सच अ लाँग जर्नी' या कादंबरीच्या प्रती जाळण्यात आल्या. तिच्यात शिवसेनेविषयी आणि मराठी माणसांविषयी अपमानास्पद मजकूर आहे, असा शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेचा आक्षेप होता. मुंबई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू राजन वेळूकर यांनी तातडीचे अधिकार वापरले आणि बी. ए.च्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमातून कादंबरी काढून टाकली.

ही बंदी नव्हती. बंदीला कायद्याची चौकट असते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ प्रमाणे (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८) पुस्तक जप्त करायचं तर सरकारला अधिसूचनेत कारणं द्यावी लागतात आणि दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येतं. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरची बंदी अशीच २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये तो निकाल कायम केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी मिस्त्रींची कादंबरी वर्गाबाहेर गेली, आणि त्यासाठी यातल्या एकाही पायरीची गरज पडली नाही. पाठ्यपुस्तक निवडतं अभ्यास मंडळ, मंजुरी देते विद्वत परिषद. तातडीचा अधिकार या दोघांना ओलांडून जातो.

कादंबरी दुकानात मिळतच राहिली. मग विद्यार्थ्याचं काय गेलं? आपल्याकडे ज्यावर प्रश्न येत नाही ते शिकवलं जात नाही, हे वेगळं सांगायला नको. गेली ती वर्गातली चर्चा. कादंबरीचा काळ १९७१ च्या आसपासचा. नायक गुस्ताद नोबल हा बँकेतला पारशी नोकरदार, आणि त्याचा सहकारी दिनशॉजी बदलत्या मुंबईवर चिडलेला. रस्त्यांची नावं बदलतात याचाही त्याला त्रास होतो. चांगला प्राध्यापक इथे थांबून विचारतो: हे कोण बोलतंय? कुणाशी, कुठल्या भीतीपोटी? लेखकाचं मतही हेच आहे असं कशावरून? गिरणगावातल्या एखाद्या मुलीला दिनशॉजीचं बोलणं वाचून राग येईल. यावाच. तो राग पुराव्यानिशी उत्तरपत्रिकेत मांडता येणं, हेच तर साहित्याचं शिक्षण.

पात्र आणि लेखक यांतलं अंतर ज्याला ओळखता येत नाही, त्याला स्वतःची गोष्टही लिहिता येत नाही. पात्राच्या तोंडच्या वाक्याची शिक्षा लेखकाला होते, असं दिसलं की विशीतला मुलगा आपली सगळी पात्रं सभ्य आणि एका मताची करून टाकतो. न पटणाऱ्या माणसाच्या मनात शिरण्याचं धाडस तिथेच संपतं.

सर्वांत मोठं नुकसान मात्र पुढच्या बैठकीत होतं, आणि ते कुठेच नोंदलं जात नाही. अभ्यास मंडळातले प्राध्यापक नवी यादी करताना 'उगाच वाद नको' म्हणून एखादं नाव सुचवतच नाहीत. न सुचवलेलं पुस्तक कोण परत मागणार?

म्हणून पुस्तक वगळायचंच असेल, तर आधी अभ्यास मंडळाचं मत घ्यावं आणि कारण लेखी द्यावं, एवढी मागणी तरी विद्यार्थ्यांनी लावून धरावी. सरकारी विद्यापीठं माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. तुमच्या विषयातलं पुस्तक अचानक गायब झालं, तर त्या निर्णयाची कागदपत्रं मागा.