अग्निवीराचा पगार : हातात किती, निधीत किती

आपल्या ढाणकीत पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसतात, ती भरतीची तयारी. मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने मुलाच्या अकादमीच्या फीसाठी कर्ज मागितलं. "पोरगा लागला की महिन्याला तीस हजार. वर्षात फेडते," म्हणाली. आम्ही लगेच हो म्हटलं नाही. वही काढली आणि हिशेब मांडला, तोच आज सांगतो.

२०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते, चार वर्षांसाठी. मुलींनाही लष्करी पोलिसात जाता येतं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० खरे, पण त्यातले ९,००० सेवानिधीत कापले जातात. हातात पडतात २१,०००. दुसऱ्या वर्षी २३,१००, तिसऱ्या वर्षी २५,५५० आणि चौथ्या वर्षी २८,०००. जेवण, कपडे तिकडचेच. खडतर ठिकाणी भत्ता वेगळा.

चार वर्षांची कपात होते सुमारे ५ लाख २ हजार. सरकार तेवढेच घालतं. व्याज धरून शेवटी ११ लाख ७१ हजारांच्या आसपास मिळतात, आयकर नाही. म्हणजे आपल्या बचतीसारखंच, फक्त इथे समोरूनही तितकेच पडतात. मात्र खास परवानगीने कोणी मधेच सोडून आला, तर त्याला त्याचेच पैसे व्याजासह मिळतात, सरकारचा वाटा नाही.

आता खरी गोष्ट. चार वर्षांनंतर चौघांतला जास्तीत जास्त एक कायम होतो. बाकी तिघांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत, पण तिथेही पुन्हा भरतीला उभं राहावंच लागतं. म्हणून पंधरा वर्षं नोकरी करून पेन्शन घेणाऱ्या जुन्या फौजीकडे पाहून हिशेब धरू नका.

पुढचं बोलायला जीभ रेटत नाही, पण आईला माहीत हवं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर अक्षय गवते सियाचीनला कर्तव्यावर गेला. तेव्हा सैन्याने घरच्यांना काय मिळेल ते जाहीर केलं : ४८ लाखांचा विमा, ४४ लाख सानुग्रह रक्कम, सेवानिधी आणि उरलेल्या काळाचा पगार. विम्याचा हप्ता जवानाच्या पगारातून कापत नाहीत. पण नियमित जवानाच्या घराला मिळतं तसं कुटुंब निवृत्तिवेतन नाही. म्हणून वारस म्हणून कोणाचं नाव लिहिलं, हे मुलाला आधीच विचारा.

अर्ज ऑनलाइन भरतात, परीक्षेची फी २५० रुपये. "लावून देतो" म्हणून हजारो मागणारा भेटला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

त्या ताईला आम्ही कर्ज दिलं, मागितलं त्याच्या निम्मं. हप्ता मात्र पोराच्या पगारावर नाही, तिच्या शेळ्यांच्या पैशावर बांधला. पोरगा पहाटे धावतोच आहे.