डॉक्टरांनी खोकल्याचं औषध का दिलं नाही?



"मॅडम, लेकराला घेऊन एवढ्या दूर दवाखान्यात गेलो, अन् डॉक्टरनं खोकल्याची बाटलीच नाही दिली!" एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला रागानं सांगितलं. तुम्हालाही असा अनुभव आला असेल. यामागचं कारण समजून घेऊया.

काय घडलं?
सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात साधा सर्दी-खोकला झालेल्या मुलांच्या किडन्या निकामी झाल्या. अनेकांना नागपूरला हलवलं, तरी २० हून अधिक मुलं दगावली. 'कोल्ड्रिफ' सिरपच्या तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. मर्यादा आहे फक्त ०.१ टक्का!

डॉक्टर काय बदलले?
३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने डॉक्टरांना कळवलं: २ वर्षांखालील मुलांना खोकल्याचं सिरप देऊ नका, ५ वर्षांखालील मुलांनाही सहसा नको. कारण फक्त भेसळ नाही. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. सिरपचा फायदा थोडा, त्रास मात्र होऊ शकतो.

असं आधीही झालंय. २०११ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइड बंद झालं. म्हणजे नवी माहिती आली की चिठ्ठी बदलते. पण घरच्या फळीवरची जुनी बाटली बदलत नाही! डॉक्टरांनी नाही दिलं म्हणून आपण दुकानातून सिरप आणलं, तर त्या सूचनेचा उपयोग काय?

मग आपण काय करायचं?
- जुनी किंवा दुसऱ्याची बाटली वापरू नका.
- कोमट पाणी, आराम द्या. एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध चालतो.
- मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांखाली ६०, २ ते १२ महिने ५०, १ ते ५ वर्षे ४० किंवा त्याहून जास्त श्वास असल्यास न्यूमोनियाची शक्यता असते. आपल्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातल्या साध्या माणसांना असाच श्वास मोजायला शिकवलं.
- श्वास जलद असेल, छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल तर लगेच दवाखाना गाठा. आशाताईंनाही कळवा.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी बाटली दिली नाही, तर रागावू नका. "घरी कशाकडे लक्ष ठेवू?" एवढं नक्की विचारा.